माळ्यावर कोण चालतं?

जुन्या घरात नव्यानं राहायला गेलेल्यांशी थोडं बोलायचं आहे.

तुम्ही मुंबईची नोकरी संपवून कोकणातल्या वडिलोपार्जित घरी परतला असाल. पुण्या-साताऱ्याकडच्या एखाद्या वाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या असतील. किंवा लग्न होऊन अशा घरात आला असाल, जिथं माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. पहिले काही दिवस सामान लावण्यात जातात. मग एका रात्री जाग येते. माळ्यावर कुणीतरी चालत असतं. जिन्याच्या पायऱ्या एकामागून एक करकरतात. कुठूनतरी भात शिजल्याचा वास येतो, आणि चूल तर केव्हाच विझलेली असते.

तुम्हाला जे ऐकू आलं, ते खरंच ऐकू आलं. "मनाचे खेळ आहेत" असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. माझं सांगणं एवढंच आहे, की त्याला नाव द्यायची घाई करू नका. एकदा नाव दिलं की घरातली माणसं शोधणं सोडून देतात. "ते थोरले आजोबा फिरतात" असं ठरलं की माळ्यावर कुणी चढत नाही. आणि जुन्या घरात माळ्यावर काय चाललंय हे कुणीतरी बघायलाच हवं असतं.

काही गोष्टी उद्यावर टाकायच्या नसतात. त्या आधी सांगते.

घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं दुखतं. मळमळतं. सकाळी उठवत नाही. अंगणात बसलं, बाजारात जाऊन आलं की बरं वाटतं. घरात शिरलं की पुन्हा तेच. रात्री पावलं वाजतात, कुणी उशाशी उभं आहे असं वाटतं. अशा घराबद्दल लोक लगेच म्हणतात, वास्तू बरी नाही.

अशा वेळी आधी घरात काय जळतंय ते बघा.

1921 साली विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्यानं एका कुटुंबाची हकीकत वैद्यकाच्या मासिकात छापली. हे कुटुंब 1912 च्या नोव्हेंबरात एका मोठ्या, जुन्या घरात राहायला गेलं होतं. तिथं त्यांना रिकाम्या खोल्यांतून पावलं ऐकू येऊ लागली. अनोळखी माणसं दिसू लागली. रात्री कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटे. मुलं फिकट पडली, घरातली झाडंही मरगळली. शेवटी तळघरातली भट्टी तपासली. ती बिघडली होती, आणि तिचा धूर धुरांड्यातून बाहेर जायच्या ऐवजी खोल्यांत पसरत होता. भट्टी दुरुस्त केली आणि सगळं थांबलं.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. थोडा असेल तर डोकं जड होतं, भास होतात. जास्त असेल तर माणूस झोपेतच जातो.

आपल्याकडं तळघरात भट्टी नसते. पण न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो. जुनी न्हाणीघरं लहान. थंडीत झरोका कापड कोंबून बंद केलेला. तुमच्याकडं असं असेल तर गीझर आजच बाहेरच्या भिंतीवर घ्या. तोवर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, आणि मगच आंघोळीला आत जा. झरोका मोकळा ठेवा.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. शेक हवाच असेल तर खिडकी-दार उघडं ठेवून, कुणीतरी जागं राहून द्या. निखाऱ्यांची शेगडी आत ठेवून दार लावून झोपू नका. आई आणि मूल दोघंही धोक्यात येतात. आणि दुसऱ्या दिवशी गावात कुठली बोलणी सुरू होतात, ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट विजेची. जुन्या घरात लाकडी पट्टीतून गेलेल्या तारा अजून आहेत. त्यांच्यावरचं रबर वाळून गळून पडतं. बटण बंद असूनही एलईडीचा दिवा मिणमिणत राहतो. एका खोलीतला दिवा अचानक भगभगीत होतो, दुसरीकडचा मंद होतो. भिंतीला हात लावला की मुंग्या येतात. नळाला, फ्रिजला, लोखंडी कपाटाला हात लावला की झिणझिण्या येतात.

बंद बटणावर दिवा मिणमिणतो, तेव्हा बरेचदा बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये वीज असते. तुम्ही स्टुलावर चढून दिवा बदलायला जाल आणि झटका बसेल. दिवे कमीजास्त होत असतील तर न्यूट्रलची तार कुठंतरी सुटत आली आहे. भिंतीला हात लावून मुंग्या येत असतील तर ओल आणि उघडी तार एकमेकींना भेटल्या आहेत.

मेन स्विच बंद करा. परवानाधारक वायरमन बोलवा. त्याला तीन गोष्टी करायला सांगा: अर्थिंग तपासायचं, दिव्यांची बटणं फेजवर आहेत का बघायचं, आणि ईएलसीबी बसवायचा. खर्च वाटतो. पण उतारा आणि शांतीच्या नावानं लोक जे मोजतात, त्याच्या तुलनेत फार नाही.

तिसरी गोष्ट सांगताना मला नेहमी काळजी वाटते, कारण इथं फसगत फार सहज होते. रात्री माणूस धडधाकट झोपतो. पहाटे पोटात कळा येऊन उठतो. घसा धरतो, गिळता येत नाही. पापण्या मिटायला लागतात. बोलणं बोबडं होतं. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. घरातले म्हणतात, बाहेरचं काहीतरी झालं. आणि देवऋष्याकडं नेतात.

हा मण्यारीचा दंश असू शकतो. मण्यार रात्री हिंडते. उंदरांमागं, लहान सापांमागं जुन्या घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचे दात बारीक, दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. विष मात्र श्वास थांबवतं. अशी लक्षणं दिसली की एक मिनिट घालवू नका. 108 ला फोन करा. प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र असलेल्या रुग्णालयात न्या. आवळून बांधू नका, चिरू नका, पाला चावायला देऊ नका. "रात्री जमिनीवर झोपले होते" एवढं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्याआधी करायचं ते फार सोपं आहे. खाटेवर झोपा. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. लाकडं, गोवऱ्या, विटांचा ढीग भिंतीला टेकवून ठेवू नका. उंदरांची बिळं बुजवा. रात्री उठाल तेव्हा बॅटरी लावून मगच पाय खाली टाका.

आणि चौथी गोष्ट म्हणजे भिंत. पावसाळ्यात दारं फुगतात आणि अडकतात, तो लाकडाचा स्वभाव आहे. पण दार एकाच कोपऱ्यात अडकायला लागलं, त्याच्यावर भिंतीत तिरकी भेग आली, रात्री कोपऱ्यातून माती झरल्याचा बारीक आवाज येतो, तर भिंत सरकते आहे. पांढरीच्या मातीचे वाडे पाणी प्यायले की आतून सुटतात. वरून गिलावा छान दिसतो.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. आठवड्यानं पुन्हा बघा. भेग रेघेच्या पुढं गेली असेल तर त्या खोलीत झोपू नका. लाकडी खांबांच्या बुडाशी हातोडीनं हलकं ठोकून बघा. भरीव लाकूड खणकन वाजतं. वाळवीनं पोखरलेलं भद्द वाजतं. रात्री खांबातून टकटक येते ना, ती कधीकधी वाळवीचीच असते. धक्का लागला की त्यातले शिपाई किडे डोकी आपटून बाकीच्यांना सावध करतात.

मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. गावात तसं कुणी मागं लागत नाही. म्हणून ते तुम्हीच करायचं.

या चार गोष्टी बघून झाल्या की निम्मी भीती तिथंच उतरते. आता माळ्याकडं वळू.

एक साधी वही करा. रात्री काही झालं की सकाळी लिहा. तारीख, वेळ, कुठल्या खोलीत, दिवसा ऊन होतं की पाऊस, वीज होती का, पंप चालू होता का, जागं कोण होतं. घाबरलेलं मन वेळ चुकीची सांगतं, वही सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गोष्टींना आपापली वेळ आहे हे दिसायला लागतं.

दिवसभर तापलेली कौलं, रीपा, वासे रात्री निवतात. निवताना आक्रसतात आणि कडकड वाजतात. उन्हाच्या दिवसानंतर रात्री नऊ ते बारा हा आवाज जास्त येतो. जिन्याच्या फळ्याही दिवसभर माणसांखाली दबून रात्री मोकळ्या होतात. म्हणून कुणीतरी जिना चढल्यासारखं वाटतं. पाण्याचा नळ झटक्यात बंद केला की नळीत ठोका बसतो. शेजारच्यांनी बंद केला तरी तुमच्या भिंतीत ऐकू येतो.

मात्र पावलं ठरलेल्या वेळी, वासे ओलांडून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात असतील, तर वर कुणीतरी राहतं आहे. बहुधा उदमांजर. कोकणात त्याला कांडेचोरही म्हणतात. पुण्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांतही ते राहतं. मांजरापेक्षा लांब, जड, काळपट. दिवसा माळ्यावर झोपतं आणि अंधार पडला की बाहेर पडतं. त्याच्या अंगाला आंबेमोहोर तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. विझलेल्या चुलीच्या घरात भाताचा वास कुठून आला, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. गावाकडं असा वास आला की साप जवळ आहे म्हणतात. म्हणून वास आला तर बॅटरी घ्या, अनवाणी हिंडू नका. त्यात नुकसान काहीच नाही.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी माळ्यावर चाळलेली राख पातळ पसरून ठेवा. सकाळी ठसे बघा. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात, उदमांजराच्या ठशात पाच. आसपास फळांच्या बियांनी भरलेली विष्ठाही सापडेल.

त्याला मारू नका, विष घालू नका. ते वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. आणि विष खाऊन ते भिंतीच्या पोकळीत मेलं तर महिनाभर घरात बसवणार नाही. छपरावर टेकलेली झाडाची फांदी छाटा. ते रात्री बाहेर गेल्यावर फट बुजवा, पण आत पिल्लं नाहीत ना हे आधी बघा. जमत नसेल तर वनखात्याला 1926 वर फोन करा.

रात्री कुणी किंचाळलं, आणि खिडकीबाहेर पांढरा चेहरा दिसला? ते गव्हाणी घुबड असेल. त्याचा चेहरा बदामाच्या आकाराचा, पांढराशुभ्र. उडताना पंखांचा आवाज होत नाही. ओरडणं मात्र असं, की धीट माणसाच्याही छातीत धस्स व्हावं. त्याची पिल्लं अंधारात घोरल्यासारखा, फुत्कारल्यासारखा आवाज करतात. आढ्यापाशी, पडक्या खोलीत ते घर करतं. त्याला राहू द्या. ते उंदीर खातं, आणि उंदीर कमी झाले की साप कमी येतात. घुबड अशुभ, असं मनात धरून बिचाऱ्याला दगड मारणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं, की तुमच्या धान्याची राखण ते फुकट करतं.

भिंतीवरच्या डागांबद्दल बायका दबक्या आवाजात विचारतात. विशेषतः लाल डागांबद्दल.

जांभ्याच्या भिंतीत लोह असतं. पावसात त्यातून तांबूस पाणी झिरपतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर ते ओघळलं की रक्तासारखं दिसतं. दुसरं म्हणजे हळद. चुन्याला हळद लागली की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. ताज्या चुन्याच्या भिंतीला कुणाचा हळदीचा हात लागला तर सकाळी तिथं लाल पंजा दिसतो. घरात हळदीकुंकू झालेलं असतं, पाहुण्या आलेल्या असतात, हात कुणाचा लागला हे कुणाला आठवत नाही. थोडा चुना आणि चिमूटभर हळद वाटीत कालवून मुलांना दाखवा. मग ती त्या भिंतीजवळून पळत जाणार नाहीत.

राखाडी डाग फुलतात, पोपडे सुटतात, त्याला लोणा लागला म्हणतात. जमिनीतला क्षार ओलीबरोबर वर चढतो. त्यात चेहरे दिसतात, कारण माणसाचा डोळा कशातही चेहराच शोधतो. डाग धुऊन जायचा नाही. ओल कुठून येते ते शोधा, आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढा.

आता माणसांबद्दल. इथं जरा थांबून वाचा.

रात्री जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात-पाय हलत नाहीत. छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. खोलीत कुणीतरी आहे याची खात्री असते. ओरडावं तर आवाज फुटत नाही. फार भयंकर अनुभव आहे हा. पण स्वप्नं पडतात तेव्हा शरीर आपोआप सैल, निश्चल होतं, म्हणजे स्वप्नात आपण खरंच पळत सुटत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागं राहतं. काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत ते सुटतं. जागरण, थकवा, उताणं झोपणं यानं ते जास्त होतं. नव्या घरात, नव्या लग्नात झोप पुरी होतेच कुठं? कुशीवर झोपा. वेळेवर झोपा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. ज्या सुनेला असं होतं तिला "हिच्या पायगुणानं घरात काहीतरी आलं" असं म्हणू नका. तिला रात्री सोबत द्या.

म्हाताऱ्या माणसांना जुन्या घरात कुणीकुणी दिसतं. आजी म्हणते, ओटीवर लहान मुलं खेळतात, बोलत नाहीत. आजी भ्रमिष्ट झालेली नसते, तिला भुतानं धरलेलंही नसतं. मोतीबिंदूनं किंवा दुसऱ्या आजारानं नजर गेली की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं उभी करतो. तिला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या. तिला सांगा, "आजी, असं होतं. घाबरू नकोस." तिला दिसणाऱ्या मुलांवरून तिच्याशी भांडू नका.

पण एखादा ज्येष्ठ माणूस एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागला, माणसं ओळखेना, रात्री उठून कुणाशी तरी बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवीतला संसर्ग, अंगातलं मीठ कमी होणं, औषधाचा उलटा परिणाम, यांनी असं होतं. ते बरं होतं. मात्र उशीर करून चालत नाही.

ज्यांचा जोडीदार गेला आहे त्यांना त्याची चाहूल लागते. कोयंडा वाजतो. खोकला ऐकू येतो. त्याच्या तंबाखूचा वास येतो. 1971 साली डेवी रीस नावाच्या डॉक्टरानं वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांना याबद्दल विचारलं. जवळजवळ निम्म्यांना असा अनुभव आला होता. त्यांतल्या बहुतेकांनी तो तोवर कुणालाही सांगितला नव्हता. तुमच्या आईला असं होत असेल तर तिला बोलू द्या. तिला त्यातून आधार मिळत असेल तर तो काढून घ्यायची काही गरज नाही.

आणि आता अवघड गोष्ट. घरावर दगड पडतात. कपाटातले कपडे आपोआप जळतात. जेवणाच्या ताटात घाण सापडते. मराठवाड्यात याला भानामती म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी अशी प्रकरणं वर्षानुवर्षं तपासली. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही बोलावलं की येतात. त्यांचा अनुभव असा, की यामागं माणसाचाच हात असतो. बरेचदा घरातल्याच कुणाचा तरी.

हे वाचून लगेच घरातल्या मुलीकडं संशयानं बघू नका. शाळा सोडायला लावलेली मुलगी, मनाविरुद्ध लग्न ठरलेली, घरात कुणाचा त्रास सहन करणारी, नापास झाल्याचं सांगू न शकलेला मुलगा. ज्याला तोंडानं सांगता येत नाही तो कधीकधी असं सांगतो. पकडायला टपून बसू नका. मारू तर मुळीच नका. एखाद्या विश्वासाच्या माणसानं, आत्यानं, मामानं, बाईंनी त्याला बाजूला घेऊन विचारावं, "तुला काय होतंय?" मनाच्या डॉक्टरांशी बोलायचं असेल तर 14416 हा सरकारी फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अशा घराचा पत्ता बुवा-बाबांना कसा कळतो कोण जाणे, पण कळतो. मग एखादा बुवा येतो. लिंबू कापतो, लाल रस निघतो. सुरीला आधी रसायन लावलेलं असतं. नारळ आपोआप पेटतो, तेही रसायनानंच. नंतर तो सांगतो, घराखाली धन आहे, त्याचा राखणदार कोपला आहे. माजघर खणायला लावतो. जुन्या भिंतीच्या पायाशी खणलं की भिंत येते अंगावर. आणि जमिनीत खरोखर काही सापडलंच, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावानं मारहाण करणं, साखळीनं बांधणं, चटके देणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं, सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखणं हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, शिवाय 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांनी तक्रार घ्यायलाच हवी. पैसे दिलेले असतील तर लाज बाळगून गप्प बसू नका. तक्रार करा.

जमीन पोकळ वाजते म्हणून खणायला जाऊ नका. आत धान्याचं पेव, बळद किंवा तळघर असेल. बंद पेवात हवा विषारी होते. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. तिथली जाणती माणसं पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. तुम्ही तर मुळीच उतरू नका, आणि आत कुणी बेशुद्ध पडलं तर त्याच्या मागं दुसऱ्यानं उडी घेऊ नये. अग्निशमन दलाला बोलवा.

पुण्यात कात्रजहून आलेली पेशवेकालीन नहर आहे, छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरची. अशा शहरांत जुन्या वस्तीखालून पाणी वाहिल्याचा आवाज आला तर पालिकेत विचारा. ते पाणी तुमच्या पायात तर मुरत नाही ना, एवढं कळायला हवं.

जमिनीतून गुडगुड आली, भांडी हलली, तर मात्र ते घराचं गूढ समजू नका. कोयना, पालघर, हिंगोली, लातूर इकडं असे आवाज आणि धक्के येतात. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला. आदल्या वर्षीही तिथं धक्के जाणवले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर, त्याखाली हजारो माणसं झोपेतच गेली. तुमचं घर असं असेल आणि धक्के येत असतील तर तहसील कार्यालयाला लेखी कळवा, आणि ते थांबेपर्यंत अंगणात झोपा.

देवाधर्माच्या आड मी येत नाही. राखणदाराला नारळ ठेवायचा असेल तर ठेवा. गाऱ्हाणं घाला. वास्तुशांत करा, चार माणसं जेवू घाला, त्यानं घर आपलं वाटायला लागतं. फक्त नारळ ठेवून झाल्यावर वायरमनलाही बोलवा. आणि एवढं सगळं बघूनही वहीत एखादी नोंद उरेल, जिचं कारण सापडत नाही. उरू द्या. तिनं कुणाला इजा होत नसेल, कुणाची झोप उडत नसेल, तर तिच्यापायी घर सोडायचं किंवा कुणाला दोष द्यायचा काही कारण नाही.

आता एक काम आजच करा. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. पोलीस आणि कुठलीही अडचण: 112. रुग्णवाहिका: 108. गॅसगळती: 1906. वनखातं: 1926. मनाच्या त्रासासाठी: 14416. खाली तुमच्या डॉक्टरांचा, वायरमनचा आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं ते मोठं असू दे. पुठ्ठा दाराच्या आतल्या बाजूला लावा, आणि त्याच खिळ्याला चार्ज केलेली बॅटरी अडकवून ठेवा.